चीक हाटायला माणूस लागतं

एका माणसाचं वरण नीट होत नाही, हे मी कितीतरी जणांना सांगून पाहिलं. ज्यांच्या घरात चार माणसं आहेत त्यांना ते पटत नाही. मूठभर तूरडाळ कुकरात घातली तर ती तळाला लागते, आणि दोन मुठी घातल्या तर सकाळचं वरण संध्याकाळी आणि संध्याकाळचं दुसऱ्या सकाळी. मी लग्न केलं नाही. तेव्हा त्याला कारणं होती आणि ती मला फार मोठी वाटायची. आता त्यातली निम्मी आठवत नाहीत. कारंज्याच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं राज्यशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि घरामागच्या जेमतेम जागेत भाजी लावत बसले.

वांगी, चवळी, कुंपणावर दोडका आणि वाल, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोणी कोथिंबीर मागितली की भाजीवाली विचारते, पुण्याचे काय तुमी? पावसाळ्यात अंबाडी. भाजीला काही कळत नाही, ती घरात दहा माणसं असल्यासारखी येते. मग मी पिशव्या भरून गल्लीत वाटत सुटते. दारात चार शब्द होतात, कोणी चहा घ्या म्हणतं. खरं सांगायचं तर त्या चार शब्दांसाठीच मी एवढी वांगी लावते.

जेवताना मी बातम्या लावायची. टीव्हीवरची माणसं एकमेकांवर ओरडायची आणि मी तोंडात घास असताना त्यांना उत्तरं द्यायची. हा मुद्दा राज्यघटनेत असा नाही, हा अधिकार राज्यपालांना नाही वगैरे. एकदा दारात उभ्या असलेल्या शेजारणीने ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, पाहुने आले काय?" तेव्हापासून मी आवाज कमी ठेवते, म्हणजे माझा.

मग आमच्या मोबाइलवर आजी आली.

गल्लीतल्या बायकांचा एक ग्रुप आहे. पाणी कधी येणार, कोणाकडे हळदीकुंकू, कोणाची मांजर हरवली, असं सगळं त्यावर चालतं. एका आषाढात कोणीतरी त्यावर एका आजीचा व्हिडिओ टाकला. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, चुलीपुढे बसलेली म्हातारी. हसली की गालाला खळी पडायची. ती चुलीवर भरीत करून दाखवायची, पातोड्या करायची, दारातल्या वेलाला राख कशी घालायची ते सांगायची, आणि बोलता बोलता दोन गोष्टी देशाच्याही सांगायची. पहिल्यांदा त्या गोष्टी साध्या होत्या. महागाई वाढली, तरुण पोरं मोबाइलमधून डोकं काढत नाहीत, हे तर मीही म्हणते. आजी सांभार म्हणायची, कोथिंबीर म्हणायची नाही. तेवढ्यावर गल्ली तिच्या प्रेमात पडली. आपल्या वऱ्हाडातलीच हाय, असं ठरलं. कोणी म्हणे वाशीमजवळच्या मालेगावकडची, कोणी म्हणे तिला रिसोडच्या बाजारात पाहिलंय.

मीही तिला ऐकत जेवायची. हे मी लपवत नाही. तिचा आवाज मऊ होता आणि ती बोलता बोलता "जेवली का गं माय?" असं विचारायची. मला कित्येक वर्षांत तसं कोणी विचारलेलं नव्हतं.

श्रावणात आजीने अंबाडीची भाजी केली. पाला उकडला, तुरीची डाळ घातली, ज्वारीच्या कण्या घातल्या, इथवर ठीक. मग तिने वाटीभर चिंचेचा कोळ ओतला. माझा घास हातातच राहिला. अंबाडी मुळात इतकी आंबट असते की आपण ती उकडून तिचं पाणी फेकून देतो, तरी दात आंबतात. तिच्यात चिंच घालणारी बाई वऱ्हाडात जन्मलेली असूच शकत नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. यावेळी तिचे हात पाहिले. कढई उचलताना तिचा अंगठा कढईच्या कानातून आरपार गेला आणि पुन्हा जागेवर आला. ती बाईच नव्हती. संगणकाने काढलेलं चित्र होतं ते, आवाजासकट.

ते व्हिडिओ ज्या पानावरून, म्हणजे पेजवरून, यायचे त्याच्या माहितीत मी गेले. पान चालवणारे कुठल्या देशात बसलेत ते तिथे लिहिलेलं असतं, फक्त कोणी तिथवर जात नाही. आजीला चालवणाऱ्यांपैकी एकही भारतात नव्हता. त्याच लोकांची आणखी पानं निघाली. एका पानावर पंजाबी दिसणारे आजोबा सरसोंचा साग करत होते, दुसऱ्यावर एक बंगाली काकू मासे तळत होत्या, आणि सगळे थोड्याफार फरकाने देशाच्या त्याच गोष्टी सांगत होते.

मी हे समोरच्या काकूंना सांगायला गेले. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी आजीच्या पद्धतीने अंबाडी केली होती आणि घरात कोणी ती तोंडात धरू शकत नव्हतं.

"औंदा अंबाडीच आंबट निंगाली, मॅडम," त्या म्हणाल्या. "पानी बरोबर नाही पडलं ना."

"अहो, तुम्ही चिंच घातली!"

"आजीनं सांगतली होती."

"ती आजी खरी नाही. परदेशातून कोणीतरी तयार केलेलं चित्र आहे ते."

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "शहरात नातवापाशी राहत असन बिचारी. म्हातारपनी होते इसराले." मग आत जाऊन त्यांनी भाजीत गूळ घातला.

मी हसले. त्या दिवशी मला ती गोष्ट गमतीचीच वाटली. ज्याला आपल्या अंबाडीत चिंच घालायची नसते हे ठाऊक नाही, तो आपलं काय वाकडं करणार, असं मनात आलं. घरी आल्यावर मी आजीचं पान बंद करून टाकलं. जेवायला बसले तेव्हा घर किती गप्प आहे ते कळलं.

आता सिस्टरबद्दल सांगायला हवं. गल्लीच्या टोकाला निवृत्त नर्स राहतात, त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत त्या वाढल्या, नोकरी लागल्यावर शिकत शिकत वर आल्या आणि मग आमच्या गल्लीत घर बांधलं. गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिली अंघोळ त्यांनी घातलेली. माझं त्यांच्याशी जमायचं, कारण त्यांनाही जास्त बोलणारी माणसं आवडत नाहीत आणि मी त्यांच्यासमोर कमी बोलते. उन्हाळ्यात वाळवणाची कामं आली की आमच्याकडे पाळी लागते. आज हिच्याकडे पापड, उद्या तिच्याकडे शेवया, परवा तिसरीकडे मुंगवड्या. सगळ्या बायका सगळ्यांकडे जातात. माझ्याकडे दरवर्षी कुरडया, आणि माझ्याकडचा चीक दरवर्षी सिस्टर हाटायच्या.

ज्यांनी कुरडया फक्त खाल्ल्यात त्यांच्यासाठी सांगते. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून पिळून त्यांचा पांढरा चीक काढायचा, तो बसू द्यायचा. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यात चीक ओतायचा. ओतणारी बारीक धार धरते आणि दुसरी लाकडी चाटूने एकसारखं हाटत, म्हणजे घोटत, राहते. हात थांबला की गाठी झाल्या. म्हणून ते काम एकटीचं नाही. आणि गहू एकदा भिजले की त्यांना थांबा म्हणता येत नाही, वेळ गेली की ते आंबून जातात.

तो उन्हाळा निवडणुकीचा होता. रिक्षांवर कर्णे, भिंतींवर रंग, आणि आमच्या ग्रुपवर आजीचे व्हिडिओ रोज. आता तिच्या गोष्टी साध्या राहिल्या नव्हत्या. शेवयांची कणीक मळता मळता ती म्हणायची, आपल्या ताटातलं कोणाच्या ताटात चाललंय ते बघा गं मायबहिणींनो. एका सकाळी तिने एक चित्रफीत दाखवली. बायका ट्रकमधून धान्याची पोती उतरवून घेताहेत, रेटारेटी चालली आहे. आजीने डोळ्याला पदर लावला. वऱ्हाडातल्या एका गावात मतांसाठी एका वस्तीला रात्रीतून गहू वाटला, असं तिने सांगितलं आणि पुन्हा कणकेकडे वळली.

त्या चित्रफितीतल्या बायकांच्या अंगात लोकरीचे स्वेटर होते. एप्रिलात, वाशीम जिल्ह्यात! आमच्याकडे एप्रिलात माणूस अंगावरची कातडी काढून खुंटीला लावायला तयार असतो. मागे जी झाडं होती तसली मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. कुठल्यातरी थंड मुलखात, कुठल्यातरी संकटात सापडलेल्या बायका होत्या त्या, बिचाऱ्या.

आजीने गावाचं नाव घेतलं नव्हतं. ते काम आमच्या ग्रुपने केलं. दुपारपर्यंत कोणीतरी खाली लिहिलं, हे आपल्या नाल्यापलीकडचं आहे. संध्याकाळपर्यंत एकीच्या दिराने तो ट्रक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. परदेशातून नुसतं पोतं आलं होतं, त्यावर पत्ता आम्ही लिहिला. इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, पण हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. खोटं करणाऱ्याला आपल्याबद्दल फार माहिती लागत नाही. उरलेलं आपणच हौसेने पुरवतो.

त्याच आठवड्यात सिस्टरकडे पापडाची पाळी होती. एकीचं डोकं दुखत होतं. एकीचा जावई येणार होता. समोरच्या काकूंच्या कमरेत उसण भरली होती, पण त्या दुपारी मला दुकानातून येताना दिसल्या. सिस्टरच्या ओसरीवर चार पोळपाट मांडलेले होते आणि आम्ही दोघीच. सिस्टरनी दोन पोळपाट उचलून आत नेऊन ठेवले आणि पापड लाटायला बसल्या. त्यांची सून मधून मधून दारात येऊन रस्त्याकडे बघून जात होती. मी विषय काढला तर सिस्टर म्हणाल्या, "पीठ सुकून राह्यलं मॅडम, लाटा."

मी घरी आले ती पेटलेलीच. माझा स्वभाव असा आहे की मला राग आला की मी मुद्देसूद होते. बसून ग्रुपवर लिहिलं. स्वेटर लिहिले, झाडं लिहिली, आजीचा कढईतून जाणारा अंगठा लिहिला, पान कुठून चालतं ते लिहिलं. अंबाडीतली चिंचही लिहिली. आणि शेवटी लिहिलं, सिस्टरकडे पापडाला कोणी गेलं नाही याची लाज वाटायला हवी, आणि ज्यांनी हे पसरवलं त्यांनी त्यांची माफी मागावी.

एक उत्तर आलं. मॅडम, कृपया ग्रुपवर राजकारण नको.

त्याच्याखाली सगळ्यांनी अंगठे दिले.

माझे गहू तेव्हा भिजत पडले होते. दोन दिवसांनी माझी पाळी. पाणी बदलताना मनात म्हटलं, नाही आल्या तर नाही आल्या, सिस्टर आहेत. आम्ही दोघी पुरे.

संध्याकाळी सिस्टर स्वतः आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. वालाच्या वेलापाशी उभ्या राहून त्यांनी एक सुकलेलं पान तोडलं.

"माहं नाव काहून टाकलं तुमी?"

मला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, "मी तुमच्या बाजूनं बोलले, सिस्टर. ते धडधडीत खोटं होतं."

"खोटंच होतं. मले मालूम नाही काय? माह्या वस्तीत पोते उतरले असते तं मले दिसले नसते?" त्यांचा आवाज चढला नाही. नर्सबाईंचा आवाज चढत नाही, तो आणखी खाली जातो. "पन मले इचारलं काय तुमी? मी काही बोलली होती काय कोनाले? या बायाइचे बाळंतपनं केले म्या. कोन कवा शुद्धीवर येते, मले बरोबर समजते. आठ दिवसांनी मी पापडाचा डबा घेऊन घरोघरी गेली असती. कोनी तोंड फिरवलं नसतं. आता गेली तं म्हनतीन, माफी घ्याले आली."

"माफी मागायलाच हवी त्यांनी."

"तुमाले पाह्यजे माफी. मले नाही पाह्यजे. मले सुनेले अन् नातीले या गल्लीत ठेवाचं हाय."

माझ्याकडे उत्तर होतं. असंच सगळे गप्प बसतात म्हणून असल्या आज्या चालतात, असं काहीतरी. वर्गात मी ते ठणकावून सांगितलं असतं. समोर त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात ते पान होतं, आणि मला ते उत्तर तोंडातून काढता आलं नाही. अजूनही मला वाटतं की मी लिहिलं ते खरं होतं आणि लिहायलाच हवं होतं. आणि अजूनही त्या म्हणाल्या ते मला खोडता येत नाही. दोन्ही गोष्टी घेऊन मी राहते.

जाताना फाटकाशी त्या थांबल्या. "परवा मी येत नाही, मॅडम. मी आली तं दोघीनं मिळून ते लिहिलं, असं होईन."

त्यानंतर मी कोणाला बोलवायला गेले नाही. हट्ट म्हणा. बोलावणं पाठवायची आमच्याकडे पद्धतही नाही, पाळी सगळ्यांना ठाऊक असते. त्या सकाळी उन्हं यायच्या आधी मी गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या, सोऱ्या धुऊन पुसून ठेवला. खाली अंगणात चूल मांडली. चीक सुरेख बसला होता, वरचं पाणी ओतून टाकलं तर खाली दह्यासारखा घट्ट थर. पाणी उकळलं, मीठ टाकलं. फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि मी दोनदा उठून बघून आले. रस्त्यावरून समोरच्या काकू दुधाची पिशवी घेऊन गेल्या. त्यांनी माझ्या धुराकडे पाहिलं आणि भराभर पावलं उचलली.

मग मी डाव्या हाताने चिकाचं पातेलं उचललं. वजन असतं त्याला. उजव्या हातात चाटू. धार बारीक धरली तर हाटणारा हात मंदावे, हात जोरात फिरवला तर धार मोठी होई. अर्धा चीक गेला तोवर डावं मनगट थरथरायला लागलं आणि भसकन सगळाच आत पडला. मी दोन्ही हातांनी हाटलं. वाफेने डोळे चुरचुरत होते, घाम नाकावरून ओघळत होता. रडायला आलं आणि मी रडले, हाटत हाटत. बघायला कोणी नव्हतं, तेव्हा आवरायचं कोणासाठी?

गाठी झाल्याच. लिंबाएवढ्या. सोऱ्यातून त्या जाईनात, भोकात अडकायच्या, मी काडीने काढायची. गच्चीवर ज्या कुरडया पडल्या त्या तुटक्या, एकीलाही धड वळसा नाही. एरवी या वेळेला गच्चीवर हसणं चाललेलं असायचं, गरम चीक वाटीत घेऊन दूधसाखर घालून पोरं भिंतीवर बसलेली असायची. मी एक वाटी खाल्ली, आणखी जाईना. अर्ध्याहून जास्त चीक पातेल्यातच थिजून राहिला. तो मी दुपारी वांग्यांच्या आळ्यात टाकला आणि वर माती ओढली.

ग्रुपवर त्या दिवशी आजीनेही कुरडया केल्या होत्या. एकटीनेच. पातेल्यातून धार आपोआप पडत होती, आजी एका हाताने हाटत होती, दुसरा हात हवेत फिरवून काहीतरी सांगत होती, आणि गच्चीभर एकसारख्या, गोल, पांढऱ्याशुभ्र कुरडया. खाली सगळ्यांनी हात जोडले होते. किती कष्टाळू आहे आजी, असं काकूंनी लिहिलं होतं. सिस्टरनेही हात जोडले होते. मी पुन्हा पाहिलं, त्यांचंच नाव होतं. त्यांनी ते का केलं ते मला समजलं आणि मी त्यांना बोल लावला नाही, पण फोन उलटा करून ठेवला.

ऊन उतरल्यावर तो वाजला. सिस्टर होत्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता, त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन बोलत असाव्यात.

"झाल्या काय कुरड्या?"

"झाल्या."

"चांगल्या झाल्या?"

"छान झाल्या. पांढऱ्याशुभ्र."

"हाटाले कोन होतं?"

मी गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. वरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं.

"होत्या की सगळ्या," मी म्हटलं. "काकूही आल्या होत्या. फार गोंधळ घातला बायांनी."

"बरं झालं व माय," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "दिवसभर माह्या जिवाले घोर होता. मले वाटलं, एकट्याच हाटून राह्यल्या असान."

"छे हो," मी म्हटलं. "एकटीनं होतं का ते?"